इटलाईचा भाऊ

जरीबमामांना खाली बसलेलं पाहिलेला माणूस बोरखडीत शोधून सापडणार नाही. दोघंच आहेत. एक त्यांची बहीण आणि दुसरा मी. पण ते आत्ताच सांगणार नाही. पडदा उघडल्या उघडल्या शेवटचा अंक कुणी लावत नाही, आणि मी तर धंद्यानं लाउडस्पीकरवाला. डोंगरकड्याला माझं दुकान आहे. मंडप, माइक, भोंगे, झालरी. आसपासच्या गावांत लग्न असो की सत्कार, मी सगळ्यांच्या आधी पोचतो आणि सगळ्यांच्या नंतर निघतो. त्यामुळे माणसं मला दोनदा दिसतात. माइकपुढची आणि माइक बंद झाल्यावरची.

मामा पहिल्यांदा दिसले ते बोरखडीतल्या एका लग्नात. मंडप टाकून झाला होता, वरात यायची होती. एक उंच, काटकुळा म्हातारा मंडपाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघेत चालत होता, ओठांत काहीतरी पुटपुटत. वाटेत खुर्ची आली, खुर्ची सरकवली. वाटेत नवरदेवाचे काका आले, काकांना सरकवलं. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मंडप किती सांगितला तुमी?"

"तीस बाय साठ."

"अठ्ठावन्न हाय."

"मामा, दोन फुटानं काय होतंय?"

"दोन फुटात," मामा म्हणाले, "माणूस निजतो."

एवढं बोलून ते पुन्हा चालायला लागले, या खेपेला आडवे. म्हाताऱ्याचं डोकं सरकलंय, असं मला वाटलं. ते वाक्य त्यांनी कुठून आणलं होतं हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

नाव मारोतराव. आयुष्यभर भूमापन खात्यात मोजणीदार. जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी, तेहतीस फुटांची. निजामाचं राज्य गेलं, पण आमच्याकडं हा शब्द गेला नाही. खात्यानं भंगारात काढलेली एक जरीब मामांनी घरी आणली होती आणि रिटायर झाल्यावरही ती खांद्यावर टाकून ते हिंडायचे. लांबून खळखळ ऐकू आली की लोक म्हणायचे, आले. ज्यांनी कधीकाळी बांध कोरला होता ते मागच्या दारानं बाहेर पडायचे.

त्यांना बसवत नसे. हे मी रंगवून सांगत नाही. (बाकी पुष्कळ रंगवतो, हे नाही.) जेवण उभ्यानं, ताट खिडकीत ठेवून. एसटी रिकामी असली तरी दांड्याला धरून उभे. कीर्तनाला गेले तर खांबांमागून येरझारा. बुवांची नजर त्यांच्याबरोबर फिरायची आणि अभंग निसटायचा. न्हावी म्हणे त्यांच्या मागं चालत दाढी करायचा. ते मात्र खोटं. न्हावी एका जागी उभा असायचा, मामा त्याच्याभोवती फिरायचे.

मी एकदा विचारलं, "मामा, घडीभर टेका की. काहून असं करून राहिलात?"

"एक मोजणी राहिलीय," ते म्हणाले आणि निघाले.

त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं होतं. चढावर अडीच, उतारावर अडीच, चिखलात अडीच. कुणी फुगवून बोलायला लागलं की ते बोट उचलून म्हणायचे, "हद्दीत बोला." सभेत पुढारी बोलत असला तरी म्हणायचे. माझ्या माइकनं ते दोनदा टिपलं आणि भोंग्यातून अख्ख्या गावाला ऐकू गेलं. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या.

दुसरं वाक्य होतं, "जरीब नातं बघत न्हाई." आणि हे त्यांनी करून दाखवलं होतं. त्यांची मोठी बहीण सोनामावशी गावातच दिलेली. तिच्या नवऱ्याचा शेजाऱ्याशी बांधावरून वाद होता. मोजणीला नेमके मामाच आले. तीन दिवस मोजलं. चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की सोनामावशीच्या वहितीतली आठ हात पट्टी शेजाऱ्याची आहे. पट्टीवर चिंचेचं झाड होतं. ते सोनामावशीनं लावलेलं. झाड गेलं. त्या दिवसापासून ती भावाशी बोलली नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. मामांचे केस पिकले, तिचे पिकले, बोलणं नाही. फक्त मामी वारल्यापासून रोज एक डबा नातवाबरोबर यायचा. डबा खिडकीत, मामा उभे. डबा रिकामा परत जायचा, धुतलेला. भावाबहिणीचा एवढाच व्यवहार.

आता छावणी.

गावाच्या उत्तरेला माळ आहे. तिथं आज दहाबारा सिमेंटचे ओटे, एक फुटका हौद आणि फाटकाचे दोन लोखंडी खांब उरलेत. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी पकडलेले इटलीचे सैनिक तिथं तारेच्या कुंपणात ठेवले होते. किती होते? म्हातारे म्हणायचे दोनशे, कुणी म्हणायचं पाचशे. मामा म्हणायचे, मोजले नसतील तर आकडा सांगू नका.

छावणीला पाणी पुरवायचं काम मामांच्या वडलांकडं होतं. बैलगाडीवर पिंप. हौद भरला की आतले कैदी हात वर करून ओरडायचे, "बास्ता! बास्ता!" म्हणजे पुरे. रोज ऐकून ऐकून बैलांनी तो शब्द उचलला. छावणी उठली, कैदी गेले, पण ती जोडी म्हातारी होऊन मरेपर्यंत दुसऱ्या कुठल्या शब्दाला थांबली नाही. नांगरताना शेताच्या कडेला धुऱ्यावर आली की वडील ओरडायचे, "बास्ता!" इटालियन समजणारे बैल अख्ख्या मराठवाड्यात फक्त आमच्याकडं होते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

कैदी गेल्यावर गावानं कुंपण वाटून घेतलं. बोरखडीत आजही धुणं वाळत घालायच्या तारेला काटे आहेत. आणि गावाला देवी मिळाली.

त्याचं असं झालं. कैद्यांत एक पाथरवट होता. त्यानं एका दगडात बाई कोरली. डोक्यावर पदर, कडेवर लेकरू. विटांची कमान करून त्यात ती बसवली आणि खाली आपल्या देशाचं नाव कोरलं. माणसं गेली, बाई राहिली. कुण्या शिकलेल्यानं ती अक्षरं वाचली, "इटालिया." ऐकणाऱ्या बायकांना सटवाई माहीत, मरीआई माहीत, जाखाई माहीत. त्यांच्या कानांनी जे ऐकायचं ते ऐकलं. इटलाई. शेंदूर लागला, खण आला, नवस बोलले जाऊ लागले. लेकराची आई म्हणजे लेकरू देणारीच असणार.

नैवेद्य ऐका. इटलाईला पुरण चालत नाही, खीर चालत नाही. तिला शेवया लागतात, त्याही खारट, टमाट्याच्या रश्श्यातल्या. आणि त्या खाटेवर नाही, काटेरी तारेवर वाळवायच्या. कैदी तसंच करायचे हे गाव विसरलं, पण बायका ते करायचं विसरल्या नाहीत. कुणी विचारलं तर सांगतात, "देवीची आवड हाय."

मामांना हे सहन व्हायचं नाही. माळावर नवस फेडायला कुणी आलं की खळखळ ऐकू यायचीच. "इटलाई न्हाई वो, इटली! देश हाय तो! युरोपात. बुटासारखा." आणि मातीत काठीनं बूट काढून दाखवायचे, प्रमाणात. एकदा मी भोंगे बांधत होतो तेव्हा शेजारच्या साखरा गावची एक बाई आली होती, पोटाशी दोन महिन्यांचं लेकरू, हातात शेवयांचं ताट. मामांनी तिला बूट काढून दाखवला. तिनं शांतपणे पाहिला.

"मामा, देश तर देश. पर ही लेकराची माय हाय का न्हाई?"

"हाय."

"बराबर सांगता ना? माय हाय?"

"माय हाय. पर—"

"मग झालं तर. सरका जरा, नैवेद्य दाखवू द्या."

मामा सरकले. मग त्यांनी हौदाला चार फेऱ्या मारल्या, रागानं. मला म्हणाले, "गाव लबाड न्हाई. गाव ढिलं हाय. शब्द ढिले धरतंय."

मी हसलो. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की इटलीबद्दल एवढं ओरडणारा हा माणूस त्याच माळावरच्या एका गोष्टीबद्दल आयुष्यभर एक शब्द बोलला नव्हता.

दहाबारा वर्षांमागं इटलाईला सभामंडप मंजूर झाला. सरपंच बालाजी, तरणा, धावपळ्या, खिशात दोन मोबाइल. वाईट पोरगं नव्हतं, फक्त त्याला सगळं कालच झालेलं हवं असायचं. आखणी करायला अर्थातच मामा. मामांनी जरीब टाकली, दोरी ताणली, टोपल्यातून चुन्याची फक्की सोडत पांढरी रेघ ओढत निघाले. खांबांच्या खड्ड्यांना फुल्या करत करत शेवटच्या खांबाशी आले आणि थांबले. तिथं दगडांचा एक ढीग होता, वर नेपतीचं झुडूप. कधीकाळची हद्दीची खूण असेल असं सगळे समजायचे.

मामांनी तिथं फुली केली नाही. फक्कीचं टोपलं घेऊन त्या ढिगाभोवती फिरत राहिले. फक्की सांडत होती. ढिगाभोवती पांढरं रिंगण झालं.

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं, उभ्यानं, डोंगरकड्याला माझ्या दुकानात आले. दुकानात मी आणि माझा भागीदार रशीदभाई. अँप्लिफायर तो सांभाळतो, तोंड मी. मामा झालरींच्या ढिगाऱ्यांमधून येरझारा घालत बोलत होते, त्यामुळे निम्मं माझ्याकडं तोंड करून आणि निम्मं रशीदभाईकडं.

"तो पाथरवट," मामा म्हणाले. "त्याचं नाव पेत्रो. बाई कोरून झाली अन् त्याला ताप आला. आठ दिसांत गेला. माझ्या बापानं खड्डा खंदला. सहा बाय दोन. पुढं बाकीचे कैदी आपल्या देशी गेले, कुणी तरी कागद करून नेले त्यान्ला, याचं नाव कागदात न्हाई राहिलं. बाप मरताना मला म्हणला, मारत्या, याची माय, न्हाई तर भाऊ, कुणीतरी इचारत येईल. त्याला जागा दाखव. तवर हलू देऊ नको. अन् गावाला सांगू नको, गाव बटनं अन् सोनं हुडकत उकरून काढील."

"मग?"

"मग काय. मी मोजून ठेवलंय. हौदाच्या दक्षिण कोपऱ्यापासून बावीस पावलं, फाटकाच्या खांबापासून एकतीस. दिल्लीला चार पत्रं टाकली, नकाशा काढून. एकदा उत्तर आलं. पत्र मिळालं, एवढंच व्हतं त्यात."

रशीदभाईनं सोल्डरिंग बाजूला ठेवलं. मामांनी काल सरपंचाला खरं सांगितलं होतं. पहिल्यांदाच, कुणाला तरी. सरपंचाचा चेहरा उतरला. म्हणाला, देवीच्या दारात मुडदा? मामा, हे कुणाला बोलू नका. परवा जेसीबी येतंय, दोन बकेट मारू आन् नाल्यात टाकू, कुणाला कळायचं न्हाई.

"मी न्हाई म्हणलं. तर मंग मला म्हणतो, मामा, मंडप सात फूट पूर्वेला सरकवा. तिकडं माळाला लागून शंकरची जमीन पडीकच हाय. हद्दीची खूण तुमीच दाखवायची, कोण मोजाया येतंय?"

"मग सरकवा की!" मी म्हणालो.

मामा थांबले. माझ्याकडं असं पाहिलं की मी हातातली झालर घडी घालायला लागलो.

"आठ हातासाठी बहीण सोडली मी," ते म्हणाले. "आता सात फुटासाठी जरीब खोटी करू? मग तिला काय सांगू?"

बाहेर टमटमवाला हॉर्न वाजवून राहिला होता. मामांच्या येरझारा वाढल्या. माझ्या डोक्यात एक आलं, आणि डोक्यात आलेलं माझ्या तोंडात थांबत नाही. मी म्हणालो, "पीर म्हणून टाका. हिरवी चादर घातली की कुणी हात लावत नाही."

रशीदभाई उडालाच. "खुदा के वास्ते! नवा पीर काढायचे दिवस हायेत का हे? आमच्या मानसानं म्हटलं तर भांडन, तुमच्या मानसानं म्हटलं तर डबल भांडन. मामा, ह्याचं ऐकू नका. नातं लावा कायतरी. बिननात्याचा मुडदा कोन ठेवून घेतंय गावात?"

"नातं," मामा म्हणाले. आणि पाय न थांबवता दुकानातून बाहेर पडले. टमटम उभी होती, तिच्यात न बसता चालत गेले.

भूमिपूजन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. माळावर माझे चार भोंगे, गाव झाडून जमलेलं, बायका ताटं घेऊन. एका बाजूला पिवळा जेसीबी, दात वर करून उभा. ड्रायव्हर बाहेरचा होता, केबिनमध्ये बसून केळी खात होता. सोनामावशी बायकांत मागं, भावापासून जमेल तेवढी लांब. सरपंच माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मामा बोलणार म्हणून राहिलेत. बोलू देऊ, नाराजी नको. पर त्यायनी इटली म्हणलं की माइक बंद. समजलं?"

मी मान हलवली. बटणावर अंगठा ठेवला. मला माझ्या धंद्याची लाज अशी फारशी कधी वाटत नाही, पण त्या सकाळी अंगठ्याला घाम आला होता.

मामा माइकपाशी आले. खांद्यावर जरीब. एका जागी उभं राहणं जमेना, तसा त्यांनी माइक स्टँडवरून काढून हातात घेतला. वायर माझ्या टेबलाभोवती गुंडाळत, सोडत ते बोलायला लागले.

"मंडळी. पन्नास वर्षं मी तुमाला सांगत आलो. ही—"

माझा अंगठा बटणावर.

"—ही इटलाई."

अंगठा तिथंच राहिला. पन्नास वर्षांत हा शब्द न खोडता त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आला होता, शेवटी 'आई' लावून. बायकांमध्ये कुजबुज झाली. सरपंचानं दोन्ही मोबाइल खाली केले.

"ही इटलाई आपली न्हाई. लांबून आली, समुद्रापल्याडून. तिला इथं कुणी आणलं? सांगतो. तिच्या भावानं आणलं." मामांचा आवाज असा लागला होता की रशीदभाईनं न सांगता आवाज वाढवला. "भावानं बहिणीला पाठीवर घेतलं, तिच्या लेकराला छातीशी घेतलं, अन् निघाला. वाटंत कैद झाली. पायाला तारा लागल्या. तरी सोडलं न्हाई. ह्या माळावर आला अन् म्हणला, ताई, ही जागा चांगली हाय, पाणी हाय, पाणी घालणारा माणूस चांगला हाय, तू इथं बस. तिला बसवली. अन् मंग त्याला ताप भरला."

इथं ते थांबले. पाय नाही थांबले, आवाज थांबला.

"बहीण म्हणली, भावा, तू काय मागतो? तर भाऊ म्हणला, मला काय नको. तुझ्या दारात सहा बाय दोन जागा दे. आन् मला हलवू देऊ नको. बहिणीनं वचन दिलं. म्हणली, भावाची हद्द जो मोडील, त्याच्या घरचा पाळणा मी हलू देणार न्हाई." मामांनी काठी उचलली आणि दगडांच्या ढिगाकडं धरली. पांढरं रिंगण उन्हात चमकत होतं. "तो भाऊ ह्यो. पितरोबा."

मी आयुष्यात पुष्कळ कीर्तनकारांना माइक दिला आहे, मोठमोठ्या वक्त्यांना दिला आहे. एवढं टोलेजंग, एवढं सफाईदार खोटं माझ्या भोंग्यांतून कधी गेलं नव्हतं. आणि त्या खोट्याच्या पोटात मामांनी माणसाचं नाव किती नीट घडी घालून ठेवलं होतं! पेत्रोचा पितरोबा. जे गाव शब्द ढिले धरतं म्हणून ते पन्नास वर्षं चिडले, त्याच गावाच्या हातात त्यांनी मुद्दाम ढिला करून शब्द दिला, म्हणजे तो सुटणार नाही.

पण विश्वास कोण ठेवणार? पन्नास वर्षं देवी नाही म्हणणारा माणूस एका सकाळी देवीचा भाऊ काढतो. सरपंच पुढं व्हायला लागला होता. मागून कुणीतरी हसलंही. आता हा माणूस खरं बोलून हरला होता आणि खोटं बोलूनही हरणार होता.

तेवढ्यात बायकांमधून सोनामावशी उठली. गर्दी बाजूला झाली. ती सावकाश चालत त्या ढिगापाशी गेली. तिला पेत्रो आठवत होता. ती तेव्हा सहासात वर्षांची होती, वडलांबरोबर पाण्याच्या गाडीवर जायची, आणि त्याच्या हातच्या खारट शेवया तिनं खाल्ल्या होत्या. हे सगळं खोटं आहे हे त्या माळावर मामा आणि सरपंच सोडले तर आणखी एकाच गावकऱ्याला ठाऊक होतं, आणि ती बाई आता ढिगापुढं उभी होती.

तिनं भावाकडं पाहिलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. मामांच्या हातातला माइक चालूच होता, त्यामुळं ती जे बोलली ते चारही भोंग्यांतून गेलं.

"माझ्या बापानं मला हेच सांगितलं व्हतं."

तिनं ताटातलं हळदकुंकू त्या दगडांवर वाहिलं. मग डोक्यावरचा पदर नीट करून वाकून नमस्कार केला. तिच्यामागं साखऱ्याहून दिलेली एक सून उठली. मग दुसरी. मग रांगच लागली. जेसीबीचा ड्रायव्हर केळी तशीच टाकून खाली उतरला, चपला काढल्या, आणि सरपंचाला हिंदीत म्हणाला की साहब, पाळण्याचा मामला आहे, माझी बायको पोटुशी आहे, मी ह्याला हात लावणार नाही, दुसरा बघा. दुसरा कुठून बघणार? सभामंडप पश्चिमेकडून सात फुटांनी आखूड झाला. आजही आखूड आहे. बाहेरचे इंजिनियर येतात, विचारतात हे असं का, गाव सांगतं, "मामाची हद्द हाय." त्यांना वाटतं इटलाईच्या लेकराचा मामा. खरंही आहे. जरीबमामांची हद्द म्हटलं तरी खोटं नाही.

पितरोबाचं प्रस्थ आता वाढलंय. जत्रेत त्याला आधी शेवया दाखवतात, मग बहिणीला. विचारत अजून कुणी आलेलं नाही. आलं तर जागा हललेली नाही. हौदाच्या दक्षिण कोपऱ्यापासून बावीस पावलं.

मामा त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेले. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते भूमिपूजनाच्या दिवशीच. गाव पांगलं होतं. मी भोंगे उतरवून वायर गुंडाळत होतो. मामा त्या ढिगाभोवती फिरत होते, अडीच अडीच फुटांचं पाऊल टाकत, फक्कीच्या रिंगणावरून. सोनामावशी डबा घेऊन आली. नातवाबरोबर न पाठवता, स्वतः. ढिगाच्या कडेच्या एका ओट्यावर बसली. मग बोलली, आणि मी वायर गुंडाळायची थांबवली.

"परदेशी माणसासाठी सगळ्या गावापुढं लबाड बोललास. सख्ख्या बहिणीसाठी आठ हात न्हाई बोललास."

"अक्का, मोजणी खोटी न्हाई करता येत," मामा चालत चालत म्हणाले. "बोलणं करता येतं."

"मग तवा बोलायचं व्हतं की."

"काय बोलायचं?"

"वाईट वाटलं म्हणून. तेवढं बोलला असता तरी झालं असतं. चिंच काय, दुसरी लावली असती मी."

मामांची फेरी चुकली. पाऊल रिंगणाबाहेर पडलं. ते पुन्हा आत आणून ते पुढं निघाले, पण आता पावलं लहानमोठी पडत होती. मला एवढ्या लांबूनही दिसलं. सोनामावशीनं डब्याचं झाकण काढलं. आत खारट शेवया होत्या.

"बास्ता, मारत्या," ती म्हणाली. "बास्ता."

आणि मामा थांबले. खांद्यावरची जरीब खळकन खाली पडली. ते ओट्यापाशी गेले, एक हात दगडाला टेकवला, आणि बसले. मी त्यांना बसलेलं पाहिलं. गुडघे उंच आले होते, हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. नवख्या माणसासारखे बसले होते. बहिणीपासून अंतर ठेवून, ओट्याच्या पार टोकाला.

"इकडं सरक," ती म्हणाली.

मामा सरकले. किती सरकले, ते त्यांनी मोजलं नाही.